गावात नसलेला गवंडी

मी ज्यांचे कागद करून परदेशी पाठवले, त्यांतला एक माणूस सरकारी अहवालाप्रमाणे अस्तित्वात नव्हता. तसा जबाब देणाऱ्या पाच साक्षीदारांपैकी एकाची सही त्याची स्वतःची होती. हे प्रकरण मी आजवर कुठे लिहिले नाही, कारण त्यात एक चूक माझीही होती. आता संबंधित जमादार हयात नाहीत आणि मीही दुकान बंद केले आहे. तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी दुकानाविषयी. नांदेडच्या एका दैनिकात मी अकरा वर्षे उपसंपादक होतो. लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा मालकांनी मला तिकडे जिल्हा वार्ताहर म्हणून पाठवले. जिल्हा इतका नवा होता की पाट्यांचा रंग हाताला लागायचा. दुष्काळ होता. टँकर, पाझर तलाव, रोजगार हमी, पाहणी दौरा, हेच मी रोज लिहून पाठवत असे. फक्त गावांची नावे बदलत. कलेक्टर कचेरीसमोर मी एक खोली घेतली होती आणि खिडकीत टाइपरायटर ठेवला होता. टाइपरायटर दिसला की लोक आत येत. आधी अर्ज लिहून घ्यायला आले, मग पासपोर्टचे फॉर्म भरायला. तीन वर्षांत बातम्या सुटल्या आणि फॉर्म राहिले. लोक मात्र शेवटपर्यंत मला 'पेपरवाले'च म्हणत.

परदेशातली नोकरी म्हणजे आमच्याकडे दुबई. माणूस मस्कतला जावो की कुवेतला, गावाच्या लेखी तो दुबईलाच गेलेला असे. व्हिसा माणसाला मिळतो, असाही समज होता. प्रत्यक्षात तो कामाला मिळतो. तिकडची कंपनी इतके गवंडी, इतके सुतार, इतके ड्रायव्हर अशी मागणी नोंदवते, तितके व्हिसा मंजूर होतात, आणि मुंबईचा एजंट त्या जागांवर माणसे भरतो. तो आधी कामाची परीक्षा घेतो. पास झालात की पासपोर्ट मागतो, कारण व्हिसाचा शिक्का पासपोर्टवरच पडतो. पासपोर्ट हवा तर पोलीस चौकशी हवी: हा माणूस दिलेल्या पत्त्यावर राहतो का आणि त्याची वागणूक कशी आहे. माझे काम एवढेच, की फॉर्म परत पाठवायला कोणाला कारण सापडू नये. लोकांना वाटायचे, व्हिसा मीच देतो.

हदगावकडचा एक कापूसवाला आठ दिवसांचाच व्हिसा मागत होता. हवापाणी मानवले तर पुढचा घेऊ, असे त्याचे म्हणणे. कंपनीचा करार दोन वर्षांचा असतो, हे मी त्याला तीनदा सांगितले. तो उठताना म्हणाला, "मग राहू द्या. न बघता दोन वर्षं कोण देतंय. सोयरीक करताना बी आधी पोहे खाऊन येतो आपण."

उदगीरच्या एका आडतीवरच्या मुनीमाच्या फॉर्ममध्ये 'ओळखीची खूण' या रकान्यात मी 'कपाळावर भस्माचे तीन पट्टे' असे लिहिले होते. धंद्यातले माझे ते पहिलेच महिने. फॉर्म परत आला. कायमस्वरूपी खूण लिहा, असा शेरा होता. मुनीम दुखावले. आपले पट्टे कायमस्वरूपीच आहेत, कळायला लागल्यापासून एक दिवस कपाळ मोकळे राहिलेले नाही, असे त्यांनी मला आवाज चढवून सांगितले. अखेर त्यांच्या कोपराच्या मागे मला एक तीळ सापडला. चाळीस वर्षांत त्यांना तो ठाऊक नव्हता. ज्या खुणेने आपल्याला गावात कोणी ओळखत नाही ती ओळखीची खूण कशी, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो बरोबर होता.

अशाच दिवसांत धोंडिराम आला. उदगीर तालुक्यात, कर्नाटकच्या सरहद्दीजवळच्या माळेवाडीचा. विहिरी बांधणारा गवंडी. घडीव दगड एकावर एक बसवत विहिरीचा गोल वर आणणे हे त्याचे काम. दोन वर्षे पाणीच लागत नव्हते, तेव्हा विहीर कोणी बांधत नव्हते, आणि धोंडिराम रोजगार हमीच्या पाझर तलावावर खडी फोडत होता. सोबत बायको होती, काशीबाई. बोलायची ती आणि मान हलवायचा तो, अशी त्यांची वाटणी होती.

धोंडिराम मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आला होता. एजंटने विटांचा एक कोपरा उभा करायला सांगितला. धोंडिरामने जन्मात वीट बांधली नव्हती. त्याने आधी दगड मागितला, तो नाही म्हटल्यावर विटांचाच कोपरा केला. एजंटने ओळंबा लावून पाहिला आणि नाव यादीत घातले. गवंड्याची जागा पक्की, पण पासपोर्ट दसऱ्यापर्यंत हातात पाहिजे. त्यानंतर यादी शिक्क्यासाठी जाणार. पासपोर्ट नसेल त्याच्या जागी रांगेतला पुढचा माणूस.

तेव्हा ज्येष्ठ चालू होता. चार महिने हातात होते आणि मी त्यांना ते पुरेसे आहेत असे सांगितले. "हे गेले तर गवंडी राहतील," काशीबाई म्हणाली. "इथं राहिले तर हातातली कला जाईल. खडी फोडायला कोणचाबी हात चालतो."

मी फॉर्म भरला. पत्त्यात गाव, पोस्ट, तालुका लिहिला आणि जिल्हा उस्मानाबाद लिहिला.

इतरांची प्रुफे तपासण्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस मी. जिल्हा नवा झाल्याच्या बातमीचे शीर्षकही मीच दिले होते. पण हाताला उदगीरपुढे उस्मानाबाद लिहायची सवय होती आणि हाताने ती पाळली. कागद जुन्या जिल्ह्यात गेले आणि 'आमच्या हद्दीत नाही' असा रास्त शेरा घेऊन परत आले. यात दीड महिना गेला. धोंडिरामला मी चूक सांगितली. तो रागावला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "गाव तर जाग्यावरच हाय की साहेब."

दुसऱ्यांदा कागद योग्य ठिकाणी गेले. पावसाळाही तसाच कोरडा सरत होता. पोळा झाला आणि चौकशीचा अहवाल आल्याचे कळले. तो अनुकूल असणार यात मला शंका नव्हती. कचेरीतल्या एका लिपिकाशी वार्ताहर असल्यापासूनची ओळख होती. त्याने मला तो वाचून दाखवला: सदर नावाचा इसम या गावी राहत नाही, पूर्वी राहत असल्याचेही आढळून येत नाही, खालील पाच साक्षीदारांचे जबाब सोबत जोडले आहेत.

मी नावे उतरवून घेतली आणि निरोप पाठवला. दोघे दुसऱ्या दिवशी आले. मी विचारले, तुम्ही माळेवाडीतच राहता ना? धोंडिराम राहतो म्हणाला. मी नावे वाचली. पहिले मन्मथआप्पा. हे पारावर बसणारे गावातले वयस्कर. पुढचे तिघेही गावचेच.

"पाचवा किसन मारोती," मी म्हणालो. "वय अंदाजे पस्तीस, धंदा मजुरी. हा कोण?"

धोंडिराम भिंतीवरचे कॅलेंडर पाहू लागला.

"हेच की," काशीबाई म्हणाली.

मग सगळी हकीकत बाहेर आली. जमादार दुपारी सायकलवर आले होते. हेडकॉन्स्टेबलला आमच्याकडे अजून जमादारच म्हणतात. पोलीस पाटील सोयरीक पाहायला परगावी गेलेले. पारावर मन्मथआप्पा आणि तिघेजण होते. जमादारांनी सायकल टेकवून विचारले, धोंडिराम नावाचा गवंडी इथे राहतो का? आप्पा म्हणाले, "न्हाई बा." बाकीच्या तिघांनी माना हलवल्या.

इथे बाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. निजामाचे राज्य जाण्याआधीच्या वर्षात, रझाकारांच्या काळात, इकडच्या गावांनी एक पद्धत बसवून घेतली होती. खाकीतल्या माणसाने नाव विचारले, की त्या नावाचा माणूस गावात नसतो. आप्पा तेव्हा विशीत होते. कडब्याच्या गंजीत माणूस लपवून, तिलाच पाठ टेकून त्यांनी 'न्हाई' म्हटले होते, आणि त्या एका शब्दावर माणसे वाचली होती. पुढे राज्य गेले, पोलीस बदलले, नवा जिल्हा झाला. पद्धत बंद झाल्याचे मात्र गावाला कोणी कळवले नव्हते.

पारावर काही हाती लागेना म्हणून जमादार तलावाच्या कामावर गेले. तिथे काय झाले ते धोंडिराम स्वतःच सांगू लागला.

"दगड फोडून राहिलो होतो. वर बघितलं तर पोलीस. म्हणला, इथं धोंडिराम कोण हाय? माझ्या तोंडातून निघालं, न्हाई. मग म्हणला, तुझं नाव काय? आता एकदा न्हाई म्हणल्यावर धोंडिराम कसं सांगू?"

"कागदाला फोटो होता ना?"

फोटो होता. पण तो उदगीरच्या स्टुडिओत काढलेला. त्यात धोंडिराम स्टुडिओचा कोट घालून, केस चापून बसवून, तोंडाला पावडर लावून बसला होता. तलावावरचा धोंडिराम डोक्याला फडके गुंडाळलेला आणि भुवयांपर्यंत दगडाच्या पांढऱ्या भुकटीने माखलेला. पावडर दोन्हीकडे होती, एवढेच साम्य.

"आणि सही?"

"ते म्हणले, सही येती का? म्हणलं, येती."

सही येते याचा त्याला अभिमान होता. गवंड्याचे अक्षर, वळणदार. जबाबांवर चार अंगठे होते आणि ही एकच सही. लिपिकाने मला ती कौतुकाने दाखवली होती.

स्वतःचे प्रकरण स्वतःच्या सहीने बाद करणारा अर्जदार मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पण हसण्यावारी नेण्यासारखे ते नव्हते. पोलिसांपुढे खोटा जबाब दिला, असे कोणी धरले असते तर पासपोर्ट राहिला बाजूला, धोंडिरामवर खटला झाला असता. दसरा सव्वा महिन्यावर होता. मी फेरचौकशीचा अर्ज टाइप केला. अर्जदार कामानिमित्त गावाबाहेर असल्याने ओळख पटू शकली नाही, असे वाक्य सुचले होते. ते लिहिले नाही. 'गैरसमजुतीने चुकीची माहिती दिली गेली' इतकेच लिहिले. अर्ज मंजूर झाला आणि चौकशी पुन्हा त्याच जमादारांकडे गेली.

मग मी माळेवाडीला गेलो. पारावर बैठक बसली. गाव खजील होते आणि म्हणून उपाय सुचवण्यात पुढे होते. एकाचे म्हणणे, धोंडिरामला कोट घालून पुन्हा पावडर लावा. दुसऱ्याचे, त्याच्या चुलतभावाला धोंडिराम म्हणून उभे करा. तिसरा म्हणाला, किसन हा धोंडिरामचा जुळा भाऊ, असे सांगू. दोघे सारखे दिसणारच. हा उपाय बऱ्याच जणांना पटला. किसनला मग कुठे ठेवायचे, यावर चर्चाही सुरू झाली.

मी त्यांना वर्तमानपत्राची पद्धत सांगितली. आमच्याकडून चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापायची. एका चुकीच्या बातमीवर दुसरी चुकीची बातमी लावायची नाही, कारण मग तिसरी लावावी लागते. जमादार आले की खरे सांगा, इतकेच.

मन्मथआप्पांना ते मान्य नव्हते. "मी न्हाई म्हणलोय," ते म्हणाले. "निजामाच्या पोलिसापुढं मी शबुद फिरवला न्हाई. याच्यापुढं फिरवू?"

बायका पाराच्या मागे उभ्या होत्या. तिथून काशीबाई बोलली. "आप्पा, तवा तुमच्या न्हाईनं माणसं जगली. ते सगळ्या गावाला ठाव हाय. आता त्याच न्हाईनं माझं माणूस जित्तं असून गावात न्हाई. ह्याचं काय करायचं ते तुमीच सांगा."

आप्पांनी उपरण्याचे टोक पिळले. मग म्हणाले, "बरं. हाय म्हणू."

गावाने ते मनावर घेतले. जरुरीपेक्षा जास्त घेतले, हे मला जमादार आल्यावर कळले.

त्या दिवशी मी हजर होतो. पारावर सतरंजी, तांब्या, चहा. निम्मे गाव जमलेले. जमादार पन्नाशी ओलांडलेले, सायकलने गुडघा धरलेला. कागद मांडीवर घेऊन त्यांनी शांतपणे सुरुवात केली. धोंडिराम नावाचा इसम इथे राहतो का? वीस तोंडे एकदम म्हणाली, "हाय, हाय." वागणूक कशी आहे? लई चांगली. कोणाशी तंटाबखेडा, मारामारी? "हाव, हाय," मागून एकजण म्हणाला. त्याला फक्त होकार द्यायला सांगितलेले होते. शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसले.

जमादारांनी पेन खाली ठेवला. सगळ्यांकडे एकदा पाहिले.

"बरं," ते म्हणाले. "अन् सखाराम तुळशीराम म्हणून कोण हाय का इथं?"

"हाय की," दोघेतिघे म्हणाले. एकाने माणूस चांगला असल्याचीही ग्वाही दिली.

"तो माझा मेव्हणा हाय. जालन्याला राहतो."

कोणी हसले नाही. जमादारही नाही. "मागच्या खेपेला गावात कोणीच नव्हतं," ते म्हणाले. "या खेपेला माझा मेव्हणाबी हाय. आता मी लिहू तरी काय?"

कागद गुंडाळून ते उठायच्या बेतात होते. ते उठले असते, तर तिसरी चौकशी दसऱ्याच्या आधी होणे शक्य नव्हते. धोंडिराम कडेला, बायकांच्या पुढे बसला होता. तो उभा राहिला आणि सतरंजीच्या काठापर्यंत आला.

"साहेब, धोंडिराम मी," तो म्हणाला. "अन् मागच्या खेपेचा किसनबी मीच."

जमादारांनी कागदाला लावलेला फोटो समोर धरला. तो आणि समोरचा माणूस यांच्यात त्यांनी बराच वेळ नजर फिरवली. माझ्या माहितीप्रमाणे ती पहिलीच तुलना होती. मग त्यांनी मला बाजूला, बाभळीखाली नेले आणि आपली अडचण सांगितली. ती खरी होती. ज्या माणसाचा शोध घ्यायचा, त्याचाच जबाब त्यांनी घेतला होता आणि खाली त्याची सही घेतली होती. हे जसेच्या तसे लिहिले, तर धोंडिरामच्या आधी त्यांचीच चौकशी लागली असती. पेन्शनला तीन वर्षे उरली होती.

"गावाच्या तोंडाचा आता काही भरवसा न्हाई," ते म्हणाले. "तोंड नसलेला पुरावा असंल तर दाखवा. त्यावर लिहितो."

रेशनकार्ड वडिलांच्या नावावर होते, त्यात धोंडिरामचे नाव 'मुलगा' एवढेच. मतदार यादीत घरातल्या बायकांची नावे होती, त्याचे नव्हते. तो शाळेत गेला होता, पण शाळेचे जुने दप्तर वाळवीने खाल्लेले. मी एकेक सांगत गेलो आणि जमादार मान हलवत गेले.

"साहेब," काशीबाई म्हणाली, "दगडावरचं नाव चालंल का?"

विहीर बांधणाऱ्यांची एक रीत आहे. विहिरीच्या तोंडाशी मालकाच्या नावाचा दगड बसतो. गवंडी आपले नाव अगदी खालच्या थरांतल्या एका दगडावर कोरतो. मालकाला विचारायचे नसते. पाणी चढले की ते बुडते आणि कोणाला दिसत नाही. गवंड्याला ठाऊक असते, तेवढे त्याला पुरते. मन्मथआप्पांची विहीर धोंडिरामने सोळा वर्षांपूर्वी बांधली होती. यंदा तिचा तळ उघडा पडला होता. बायका घागरी घेऊन खाली उतरत, झिरपलेले पाणी वाटीने भरत आणि वाट पाहत बसत. काशीबाईला अक्षरे वाचता येत नव्हती. पण आपल्या माणसाची सही ती ओळखत होती.

आप्पांना हे नवीन होते. "माझ्या विहिरीत तुझं नाव?"

"लई खाली हाय, आप्पा."

"सोळा वर्षं मी ते पाणी पिऊन राहिलो."

"गोड होतं की," धोंडिराम म्हणाला. त्या दिवशी पारावरची माणसे पहिल्यांदा हसली.

सगळे विहिरीवर गेले. उतरण्याआधी जमादारांनी धोंडिरामला विचारले, हे तूच कोरले कशावरून? त्याने काठावर उभा राहूनच सांगितले: उगवतीच्या अंगाला, तळापासून दुसरा थर, पायरीच्या उजव्या हाताला तिसरा दगड. नाव, बापाचे नाव, गाव, गवंडी. शेवटचे अक्षर तुटले आहे, कारण छिन्नी घसरून अंगठ्यात शिरली. त्याने अंगठा दाखवला. त्यावर जुना व्रण होता. फॉर्ममध्ये ओळखीची खूण म्हणून मी हनुवटीवरचा तीळ लिहिला होता. हा व्रण मी पाहिलाच नव्हता.

जमादार दुखरा गुडघा धरत एकेक पायरी उतरले. खाली त्यांनी रुमालाने दगड पुसला आणि बोट ठेवून वाचले. मग वरच्या माणसांकडे न पाहता तिथेच, पायरीवर बसून, पंचनामा लिहिला. त्याची नक्कल मी पाहिली आहे. वार्ताहर म्हणून मी इतका नेमका मजकूर क्वचित लिहिला असेन: 'सदर दगड सुस्थितीत असून त्यावरील मजकुरात खाडाखोड नाही. शेवटचे अक्षर छिन्नी घसरल्याने तुटलेले असून, ही बाब इसमाने पाहणीपूर्वी सांगितली. दगड जागेवरून हलविणे शक्य नाही.'

वर आल्यावर त्यांनी बूट झटकला आणि गावाकडे वळले. "आता किसनचं बोला."

मन्मथआप्पांनी घसा साफ केला. "किसन गाव सोडून गेला," ते म्हणाले. "दुष्काळ हाय."

जमादारांनी ते लिहून घेतले. दुरुस्ती छापण्याविषयी मी सगळ्या गावाला उपदेश केला होता. त्या दिवसाच्या कागदात मी संपादक म्हणून काढून टाकले असते असे ते एकच वाक्य होते. मी बाभळीकडे पाहत राहिलो.

पासपोर्ट माझ्या पत्त्यावर आला, घट बसल्यानंतर चौथ्या दिवशी. मी एजंटला तार केली आणि धोंडिरामला त्याच रात्रीच्या गाडीने पाठवले. त्याची जागा राहिली होती. व्हिसाचा शिक्का पडला, व्यवसाय गवंडी. दिवाळी करून तो गेला. निघताना दोघे माझ्याकडे आले, तेव्हा मी त्याची थोडी उजळणी घेतली. विमानतळावर खाकीतली, निळ्यातली, पांढऱ्यातली बरीच माणसे नाव विचारतील. प्रत्येकाला खरेच सांगायचे. मी दरडावून 'नाव?' म्हणालो. पहिल्या खेपेला त्याने काशीबाईकडे पाहिले. तिसऱ्या खेपेला नीट आले.

दोनेक महिन्यांनी त्याचे पहिले पत्र आले. गावात पोस्ट आठवड्याला जायचे, म्हणून त्याने माझाच पत्ता दिला होता. काशीबाईला वाचता येत नव्हते, आणि ते पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणे तिला आवडणार नाही असे वाटले. मी माळेवाडीची एसटी धरली.

ती ओट्यावर बसली, मी उंबऱ्याशी. पाकीट तिने आधी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिले, मग माझ्याकडे दिले. धोंडिरामने लिहिले होते की तो खुशाल आहे. चारजण एका खोलीत आहेत. तिकडचे लोक मीठ कमी खातात. दगड अजून दिसला नाही, सगळे सिमेंटच आहे, पण कोपरा धरायला त्यालाच बोलावतात. इथवर मी वाचले, तेव्हा जनावरांचा एक व्यापारी वाटेवर येऊन थांबला. त्या वर्षी असे व्यापारी गावोगाव हिंडत, दावणीला काय उरले आहे ते बघत. त्याने गोठ्याकडे पाहिले, मग काशीबाईकडे, आणि विचारले, घरधनी कुठे आहेत?

"हायेत की," ती म्हणाली. "तळ्याकडं गेलेत. येतील इतक्यात."

व्यापारी थोडा घुटमळला आणि पाराकडे गेला. तिथे त्याने पुन्हा विचारले असावे. मन्मथआप्पांचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू आला.

"हाय, हाय. आत्ताच गेला हिकडून."

काशीबाईने पदर सारखा केला.

"वाचा पुढं, भाऊ," ती म्हणाली.